हात न लावलेले एकवीस दिवस

दादाच्या डाव्या कानशिलावरचा डाग चार वर्षांचा आहे, असं त्यानं पहिल्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या भेटीत डाग सहा वर्षांचा झाला. तिसऱ्या भेटीत बोलण्याच्या ओघात निघालं की वहिनी त्याला रोज खोबरेल लावायची. वहिनी जाऊन आठ वर्षं झाली होती. तारखांचा असा घोळ असलेली बातमी मी वार्ताहराकडे परत पाठवते. इथं परत पाठवायला कोणी नव्हतं. फाइलवर 'अंदाजे आठ वर्षांपासून' असं लिहिलं गेलं.

डाग रुपयाच्या नाण्याएवढा होता. काळपट तपकिरी, कडेला बारीक चकचकीत उंचवटा, मध्ये कधी खपली धरायची, कधी पडायची. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब. दुखत नव्हता, म्हणून दादाच्या हिशेबी तो आजार नव्हता. दिवाळीला तो माझ्याकडे आला असताना खपली निघून उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे तीन ठिपके पडले, तेव्हा मी त्याला राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. दवाखाना माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावी एकटा राहतो. निवृत्त होईपर्यंत त्यानं आसपासच्या गावांत गाई-म्हशी भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं काम केलं. जनावर माजावर आलं की निरोप यायचा आणि दादा मोटारसायकलच्या मागं नायट्रोजनचा कंटेनर बांधून निघायचा. कंटेनरमध्ये वळूंच्या वीर्याच्या कांड्या असत, उणे एकशे शहाण्णव अंशांवर गोठवलेल्या. गावं त्याला डॉक्टर म्हणायची. तो डॉक्टर नव्हता. ही चूक त्यानं कधी दुरुस्त केली नाही.

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. तेव्हा माझी पाळी दुपारी चारला सुरू व्हायची आणि पहिलं पान सुटलं की संपायची. पुढचं समजायला एवढं पुरेसं आहे.

तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा अहवाल आठवड्यानं आला. बेसल सेल कार्सिनोमा, वरवरचा. डॉक्टरबाई तिशीच्या पुढच्या, आवाज खाली ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी सरळ सांगितलं, "काका, हा कातडीचा कॅन्सर आहे. लवकरचा आहे. हा सहसा दुसरीकडे पसरत नाही. पण जिथं बसतो तिथं खात राहतो."

दादानं विचारलं, "बैलाच्या शिंगाला हुतोय तसला?"

"त्याबद्दल मला माहिती नाही."

"मला हाय की. शिंग मुळातनं कापत्यात."

इथंही कापणं हाच जास्त खात्रीचा मार्ग होता आणि बाईंनी ते लपवलं नाही. त्यांच्या चिठ्ठीवर आम्ही शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरांना भेटलो. त्यांनी पेनानं डागाभोवती रेघ ओढली. ती डागापेक्षा बरीच मोठी होती. तेवढं काढून बाजूची कातडी ओढून शिवावी लागणार होती. कानशिलाच्या त्या भागातून भुवई उचलणारी नस जाते. तिला धक्का लागला तर भुवई खाली पडेल, आणि कातडी ताणली गेली तर डोळ्याचा कोपरा नीट मिटणार नाही. दादाच्या हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तोही प्रश्न होता. डॉक्टरांनी हे सगळं शक्यता म्हणून सांगितलं. दादानं ते वेळापत्रकासारखं ऐकलं.

जिन्यात तो म्हणाला, "झापड पडलेला डोळा घिऊन मी गावात फिरणार न्हाय. राहू दे तसाच. मी किती जगणार हाय अजून?"

"सत्तरीसुद्धा आली नाही तुझी."

"मग येऊ दे की. डागासंगट येईल."

तीन दिवस तो याच वाक्यावर होता. शेवटी डॉक्टरबाईंनी दुसरा मार्ग सांगितला आणि त्याला अट घातली. सहा आठवडे एक मलम लावायचं, आठवड्यातले पाच दिवस, झोपण्याआधी. पहिले दोन आठवडे झाले की डाग द्रव नायट्रोजननं गोठवायचा. दोन दिवस थांबून पुन्हा मलम सुरू करायचं आणि सहा आठवडे पुरे करायचे. असा हा एकच फेरा. त्यानंतरही डाग राहिला तर कापायचं आणि तेव्हा कुरकुर करायची नाही.

"हे मलम कॅन्सर मारत नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमच्या शरीरातले पहारेकरी जागे करतं. गोठवल्यावर पेशी फुटतात आणि त्यांच्या आतला माल बाहेर सांडतो. जागे झालेले पहारेकरी तो ओळखतात. मग आजूबाजूला त्याच जातीच्या ज्या पेशी लपलेल्या असतील त्यांनाही शोधून मारतात. म्हणून दोन्ही एकत्र करायचं. नुसतं गोठवलं तर कडा राहून जातात."

दादानं मलमाबद्दल काही विचारलं नाही. त्याची हरकत वेगळीच होती.

"बाई, नायट्रोजनमदी जीव मरतोय असं तुमाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"आमच्या कंटेनरमदी वीस वर्साचं बीज जिवंत हाय. वळू मरून माती झाला, त्याची वासरं अजून हुत्यात. थंडीत जीव टिकतो. तुमी ह्यो कॅन्सर गोठवून ठिवणार आणि त्यो माझ्यानंतर पण जगणार."

मला हसू आलं. डॉक्टरबाईंना आलं नाही. त्यांनी विचारलं, "कांडी बाहेर काढल्यावर तुम्ही काय करता?"

"कोमट पाण्यात धरायची. अर्धा मिनिट."

"आणि तशीच खिशात ठेवली तर?"

"मरतंय की. हळू वितळलं की संपलं."

"मी कोमट पाणी लावणार नाही. हळूच वितळू देणार. मग पुन्हा गोठवणार. आणि तुमच्या त्या बीजात आधी काही मिसळलेलं असतं ना?"

"अंड्याचा बलक. न्हायतर गोठताना फुटतंय."

"या पेशींना बलक कोण घालणार आहे?"

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाईला काम ठावं हाय." हे त्यानं माझ्याबद्दल आजवर कधी म्हटलेलं नाही.

निघताना बाईंनी मला सूचना सांगितल्या आणि मी त्या वहीत उतरवल्या. लाल होईल, सुजेल, खपली धरेल, पाणी येईल. अंग कसकसेल, थोडा ताप वाटेल. त्याला घाबरू नका, मलम काम करतंय असा त्याचा अर्थ. आणि शेवटी म्हणाल्या, "काहीच झालं नाही तर मला फोन करा." हे वाक्य माझ्याच अक्षरात पहिल्या पानावर आहे.

दादा सहा आठवड्यांसाठी माझ्याकडे राहायला आला. पिशवीत दोन लेंगे, तीन शर्ट, दाढीचं सामान आणि स्वतःची उशी. आमची दिवसाची रीत ठरली. मी दुपारी साडेतीनला निघताना मलमाची एक पुडी टीव्हीजवळ ठेवायची. त्यानं जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी, बोटानं चोळून लावायची. सकाळी साबणानं धुवायची. मी खिडकीपाशी त्याचा फोटो काढायचा आणि वहीत एक ओळ लिहायची. माझी वही नेमकी आहे. तारीख, वार, डागाचा रंग, सूज, त्रास.

पहिले पाच दिवस काही दिसलं नाही. सहाव्या दिवशी डाग आणि भोवतालची बोटभर कातडी लाल झाली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी खपली होती, कड ओली होती, आणि दादा आरशासमोर उभा राहून स्वतःला शिव्या देत होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात थांबवून हळूच विचारलं, भाऊ कुणाशी भांडले का. रिक्षावाल्यानं एवढी भीड ठेवली नाही. दादा आत बसताच त्यानं विचारलं, "काय पावणं, भाजलं व्हय?"

"न्हाय अजून," दादा म्हणाला. "उद्या गोठवणार हाईत."

गोठवायच्या दिवशी दवाखान्याच्या खाली एक टेम्पो उभा होता. त्यातून एक म्हातारा गृहस्थ नायट्रोजनची टाकी उतरवत होता. दादा थबकला. तो गृहस्थही थबकला. ते दादाच्या कामाच्या पट्ट्यातले जुने सोबती निघाले. वीस-बावीस वर्षं त्यांनी गावोगावच्या केंद्रांवर नायट्रोजन पोचवला होता, आणि दादा त्यांना चाचा म्हणायचा. आता त्यांचा मुलगा धंदा बघत होता आणि चाचा शहरातल्या दवाखान्यांना माल देत होते.

"डॉक्टर, तू हितं काय करतोयस?" चाचांनी विचारलं.

"मला गोठवणार हाईत."

"याच टाकीतनं?"

"तुज्या टाकीतनं असंल तर मी जातो घरी. तू कायम अर्धी आणायचास."

"या अल्ला. इतकी वर्सं झाली, अजून तेच." चाचांनी त्याच्या कानशिलाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "दुखतंय का रं?"

"न्हाय."

"मग जा वर. काठोकाठ भरलीया."

वर बाईंनी दादाच्या डोळ्यावर कापूस आणि त्यावर झाकण बसवलं. हातातल्या लहान स्टीलच्या बाटलीच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. डाग पांढरा पडला, मग त्याभोवतीचं कडं पांढरं पडत गेलं. दादाच्या हाताची मूठ वळली. बर्फ विरघळायला लागला तेव्हा बाई घड्याळाकडे पाहत थांबल्या. कातडीचा रंग कडेकडून परत येत होता. दादानं एक डोळा झाकलेला असताना छताकडे बघत विचारलं, "सावकाश वितळतंय न्हवं?"

"सावकाश वितळतंय."

"मग बरोबर हाय."

दुसऱ्यांदा गोठवल्यावर तो उठून बसला. चेहरा पांढराफटक होता, पण समाधानी दिसत होता. घरी येईपर्यंत रस्ताभर बोलत राहिला. बाईचा हात स्थिर आहे, घाई नाही, पुढं जाईल. मलमाचं नाव त्यानं काढलं नाही आणि मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या दिवसांचं वर्णन मी वहीतूनच देते. पहिला दिवस: मोठा फोड, पाणी, डाव्या पापणीवर सूज. दुसरा दिवस: तसंच. चौथा: फोड बसला, काळी खपली. सातवा: सूज नाही. नववा: लाली कमी. ठीक. अकरावा: लाली कमी. ठीक. चौदावा: खपली सुटते आहे, खाली गुलाबी. ठीक. सतरावा: ठीक.

त्या दिवसांत ऑफिसात माणसं कमी होती आणि निवडणुकीची पानं होती. मी घरी यायची तेव्हा दादा झोपलेला असायचा. सकाळी मी विचारायची, "काही त्रास?" तो म्हणायचा, "काय न्हाय." मी फोटो काढायची. फोटो रोज आदल्या दिवसापेक्षा बरा यायचा. मला ते बरं वाटत होतं. एवढ्या गोष्टींतली एक तरी सुधारते आहे असं वाटायचं आणि मी वही मिटायची.

गोठवल्यानंतर बाविसाव्या दिवशी आम्ही दाखवायला गेलो. दादा दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाला होता. बाईंनी त्याला उजेडाखाली बसवलं आणि पाहिलं. मग हातात भिंग घेतलं. मग भिंग खाली ठेवलं.

"मलम कधी बंद केलं?"

मी म्हणाले, "बंद नाही केलं. चालू आहे."

"चालू असतं तर असं दिसलं नसतं."

आम्ही दोघी दादाकडे बघायला लागलो. त्याच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याचा भाव नव्हता.

"लावलंच न्हाय की," तो म्हणाला. "गोठवल्यावर कशाला लावायचं?"

"काका, मी सांगितलं होतं. दोन दिवस थांबून पुन्हा सुरू."

"तुमी सांगितलं. पर काम झालं की हात लावायचा नसतो. जनावर भरवलं की एकवीस दिवस गप ऱ्हायाचं. सारखं हात घालून बघितलं तर ठरलेलं पण बिघडतंय. एकवीस दिवसांनी कळतंय, ठरलं का उलटलं. मी एकवीस दिवस मोजलं. काल पुरं झालं."

भरवलेलं जनावर एकवीस दिवसांनी परत माजावर आलं की गावाकडे ते 'उलटलं' म्हणतात. नाही आलं तर गाभण. त्याच्या कामाचा हाच नियम होता आणि त्या नियमानं त्याला कधी फसवलं नव्हतं. तो माझ्याशी खोटंही बोलला नव्हता. मी त्रासाबद्दल विचारत होते, त्रास नव्हता. पुड्या त्यानं टाकल्याही नव्हत्या. नंतर घरी सगळ्या त्याच्या दाढीच्या डब्यात नीट रचून ठेवलेल्या सापडल्या.

"काका, तुम्ही म्हैस नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा वर गेला होता.

"म्हस असतो तर एवढं ऐकून घेतलं नसतं."

त्या हसल्या नाहीत. भिंगातून पुन्हा पाहून त्यांनी सांगितलं, मधला भाग गेला आहे. खालची कड राहिली आहे. खालची म्हणजे डोळ्याकडची. सर्जनच्या पेनाची रेघ आता जशी होती तशीच राहणार होती, उलट डोळ्याच्या बाजूलाच तिची जास्त गरज होती. "एकच फेरा ठरला होता," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठ्यांचं पॅड पुढं ओढलं. दादाचा हात आपोआप भुवईकडे गेला. त्याला तेव्हा कळलं, असं मला वाटतं.

मी वही काढून त्यांच्यापुढं ठेवली. का ठेवली ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा जबाबदारी कुठं पडते ते कागदावर दिसावं म्हणून. त्यांनी पानं उलटली.

"लाली कमी, ठीक. हे ठीक कोणी ठरवलं?"

"मी."

त्यांनी पहिलं पान काढून माझ्यासमोर धरलं. काहीच झालं नाही तर फोन करा. मी ते वाचलं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरात अशा जागा शोधत आले आहे. दोन पानांवर दोन उलट गोष्टी लिहिलेल्या आणि लिहिणाऱ्याला पत्ता नाही. एकवीस दिवस मी रोज सकाळी जखम बरी होताना पाहिली होती. जखम बरी व्हायला नको होती, एवढं सोडून सगळं वहीत होतं.

"दादाची चूक नाही," मी म्हणाले. "लावतो आहेस का, हे मी एकदाही विचारलं नाही."

"माजी हाय," दादा म्हणाला. "ती कामावर असती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर रुग्ण थांबले होते, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "हा फेरा झालाच नाही असं मी धरते. पुन्हा पहिल्यापासून. पण रोज मलम तुम्ही स्वतः लावायचं," हे मला, "आणि त्यांना बोट लावू द्यायचं नाही. या वेळी राहिलं तर मी एक शब्द ऐकणार नाही."

मी सहा आठवडे दिवसपाळी मागितली. आमचे नवे मुख्य उपसंपादक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. त्यांनी लगेच दिली आणि पहिलं पान दुसऱ्याकडे सोपवलं. नंतर ते मला परत मिळालं नाही. मी पुरवण्यांवर आहे. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

दुसरा फेरा पहिल्यापेक्षा वाईट गेला. म्हणजे जसा जायला हवा होता तसा गेला. रोज आठ वाजता जेवण उरकलं की दादा खुर्चीत बसायचा, मी हातमोजा घालून पुडी फोडायची आणि ओल्या कडेवर मलम चोळायची. तो दात आवळायचा. मग मी समोर बसून राहायची, तो हात वर नेत नाही ना हे बघत.

"बघ, बघ. पेपरवाली पहारा देतीया," तो म्हणायचा. "बाई म्हणाल्या पहारेकरी आत हाईत. ही भाईर कशाला?"

"आतले झोपले होते तीन आठवडे."

"मी झोपवलं व्हतं. म्हाईत हाय. रोज रोज नगं सांगूस."

पुन्हा गोठवलं. या वेळी तिसऱ्याच दिवशी मलम सुरू झालं आणि चौथ्या आठवड्यात डाव्या बाजूचा अर्धा चेहरा सुजला. त्याला दुपारी हुडहुडी भरायची, जेवण नको व्हायचं. एकदा संध्याकाळी त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "आज नगं. एक दिवस. पाया पडतो तुज्या." थोरला भाऊ. मी बाईंना फोन केला. त्यांनी दोन दिवस सुट्टी दिली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी पुडी फोडली तेव्हा तो स्वतःहून खुर्चीत येऊन बसला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसांत आम्ही फार बोललो नाही. दोघंही दमलो होतो आणि कशानं, ते दोघांनाही सांगावं लागत नव्हतं. मी भाजी एकदाच करायची, दोन्ही वेळा तीच. वहीत मी 'ठीक' हा शब्द लिहिणं बंद केलं. फक्त दिसलं ते लिहायची. ओलं. लाल. खपली. जास्त. जास्त. मलम संपल्यावर लाली उतरायला महिना लागला. तिच्याखाली कातडी पांढरी निघाली, दादाच्या सावळ्या रंगावर लांबून दिसेल अशी. ती तशीच राहणार, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं.

मलम संपल्यावर तीन महिन्यांनी बाईंनी भिंगातून पाहिलं आणि डोळ्याकडच्या कडेचा एक बारीक तुकडा तपासणीला काढला. अहवाल आणायला मी एकटी गेले. दादा गावाहून दुसऱ्या दिवशी येणार होता. मी पाकीट प्रयोगशाळेच्या पायरीवरच उघडलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, पाठवलेल्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. मी ती तीनदा वाचली. 'पाठवलेल्या तुकड्यात' हे शब्द तिथं मुद्दाम आहेत हे मला कळत होतं. तरी मी पायरीवर बसले. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पाय दुखत होते, आणि उठायची घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दादाला सांगितलं की कापायची गरज नाही. भुवई, पापणी, सगळं जागच्या जागी. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, निदान पाच वर्षं. उन्हात टोपी घालायची, क्रीम लावायचं. हा गेला तरी शेजारी नवा येऊ शकतो.

"म्हंजे सुटलो न्हाय," दादा म्हणाला.

"या डागातून सुटलात. उन्हातून नाही."

त्यानं मान हलवली. पुढची तारीख त्यानं स्वतः कार्डावर लिहून घेतली, मला लिहू दिली नाही.

दुपारी मी त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेले. राधानगरीची गाडी फलाटावर लागलेली होती. दादानं पिशवी खांद्यावर घेतली आणि दाराशी थांबला.

"तू जा घरी. झोप जा," तो म्हणाला. "तोंड बघितलंस का आरशात? लोक म्हणतील आजारी हीच हुती."

"गाडी सुटू दे, मग जाते."

तो चढला. आयुष्यभर तो एसटीत चालकाच्या मागच्या खिडकीशी बसत आला आहे. आत्ताही तिकडेच गेला, पिशवी ठेवली आणि खिडकीतून बाहेर वाकून आकाशाकडे पाहिलं. गाडी स्टँडमधून वळून कुठल्या बाजूला तोंड करणार, याचा अंदाज घेत होता. ऊन उजवीकडून येणार होतं. त्यानं पिशवी उचलली, दोन बायकांना सरकायला सांगून तो डावीकडच्या बाकावर जाऊन बसला आणि टोपी कानशिलापर्यंत खाली ओढली.